तांबोळी मॅडमची बंदरं

पाटबंधारे खात्याच्या आमच्या ऑफिसात नवीन माणूस रुजू व्हायला आला, की साहेबांच्या आधी त्याची गाठ तांबोळी मॅडमशी पडे. तसा काही नियम नव्हता. पण जिना चढून आलं की पहिलं टेबल त्यांचं होतं, आणि त्या टेबलाला वळसा घालून कुणी परस्पर आत गेलेलं त्यांना चालत नसे. मी पहिल्या दिवशी वर आले तेव्हा त्या कुठल्याशा कालव्याच्या नकाशावर वाकल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "गाव कुठलं?"

"तेर. धाराशिव जिल्हा."

पेन्सिल थांबली. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मला नीट पाहून घेतलं. "तेर? अगं, मग तू भडोचची."

मला वाटलं बाईंचा काहीतरी घोटाळा होतोय. मराठवाड्यातलं तेर, असं मी पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, मराठवाडा कुठे असतो ते त्यांना ठाऊक आहे, सरकार त्यांना पगार नकाशे काढण्याचाच देतं. मग शेजारची खुर्ची ओढून त्यांनी मला बसवलं आणि सांगितलं, की दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या तेरचं तलम कापड बैलगाड्यांवरून भडोचच्या बंदरात जायचं आणि तिथून जहाजात चढून पार रोमच्या बाजारापर्यंत पोचायचं. हे मला कुणी शाळेतही सांगितलं नव्हतं.

"समुद्र बघितलायस?"

"नाही मॅडम."

"हरकत नाही. तुझ्या गावानं बघितलाय," असं म्हणून त्या पुन्हा कालव्याकडे वळल्या.

शहनाज तांबोळी आमच्या ऑफिसात मुख्य आरेखक होत्या. धरणं, कालवे, चाऱ्या, सांडवे यांचे नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला. सगळ्या ऑफिसात संगणक आले, त्यांनाही आला, तो त्या उत्तम चालवत. पण अंबाड्यात खोचलेली पेन्सिल मात्र शेवटपर्यंत तिथेच राहिली. बुटकी, गोरी, कडक इस्त्रीच्या सुती साडीतली ही बाई जहाजांच्या इतिहासानं पछाडलेली आहे, हे बाहेरून कुणाला कळलं नसतं. "आपल्या खात्यात पाणी आहे, बांध आहेत, दरवाजे आहेत," त्या म्हणत, "फक्त एवढं सगळं करून आपण ते पाणी उसाला देतो. एक जहाज तरंगेल तर शपथ."

ऑफिसातल्या प्रत्येकाला त्यांनी एकेक बंदर देऊन टाकलं होतं. जुन्नरच्या शिपाईमामांना कल्याण, कारण नाणेघाटातून सगळा माल तिथेच उतरायचा. कार्यकारी अभियंता कुलकर्णी साहेब कोल्हापूरचे, त्यांना राजापूर. साहेबांना याचा इतका अभिमान वाटला, की पुढे ते राजापूरचा विषय निघाला की 'आमचं राजापूर' म्हणू लागले. लेखा शाखेत नागपूरचे एक गृहस्थ होते. त्यांच्यासाठी बंदर काही केल्या सापडेना. मॅडम कित्येक दिवस अस्वस्थ होत्या. शेवटी एका सकाळी त्यांच्या टेबलाशी जाऊन त्यांनी जाहीर केलं, "मछलीपट्टण. जरा लांब पडेल, पण तुमचंच आहे." ते गृहस्थ खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

एकदा मी विचारलं, "मॅडम, तुम्ही शनिवार पेठेतल्या. पुण्याचं बंदर कुठलं?"

"पुणेकराला बंदर लागत नाही," त्या म्हणाल्या. "तो आहे तिथेच पोचलेला असतो."

हे वेड त्यांना आजोबांकडून आलं होतं. त्यांच्या आईचे वडील जुन्या काळी मुंबईहून बोटीनं हजला गेले होते. परत आल्यावर भेटायला आलेली सगळी माणसं मक्का-मदिनेचं ऐकायला बसत आणि नाना सांगत बोटीबद्दल. तिचा भोंगा कसा वाजतो, रात्री दिशा कशी ओळखतात, एडनजवळ पाण्याचा रंग कसा पालटतो, कप्तानाची दाढी केवढी होती. नानी चिडून म्हणत, की अल्लाच्या घरी जाऊन आलेला माणूस आणि याच्या तोंडी बोटीचाच जप. लहानगी शहनाज मात्र मांडीवर बसून सगळं ऐकत असे. पुढे नोकरी करत करत तिनं संध्याकाळच्या वर्गांना जाऊन इतिहासात एम. ए. केलं, ते केवळ जुन्या बंदरांबद्दल नीट वाचता यावं म्हणून. त्याचा पगारवाढीला काडीचा उपयोग झाला नाही, आणि होणार नाही हे त्यांना आधीच माहीत होतं.

शनिवार पेठेतल्या त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलालगतच्या भिंतीवर जगाचा मोठा नकाशा फ्रेम करून लावलेला होता. जेवताना त्या पोळीच्या तुकड्यानं त्यावर जागा दाखवत, त्यामुळे हिंदी महासागराच्या काचेवर नेहमी तेलाची बोटं असत. जायची ठिकाणं ठरलेली होती, त्यांचा क्रम तेवढा बदलत राही. ओमानमधलं सूर, जिथे लाकडी गलबतं बांधण्याची परंपरा आहे. झांझिबार, जिथे मोसमी वाऱ्यावर स्वार होऊन आपल्याकडची माणसं गेली आणि वारा उलटा फिरेपर्यंत थांबली. "थांबली आणि लग्नं केली," मॅडम म्हणत, "वाऱ्याची वाट बघताना माणूस दुसरं काय करणार." श्रीलंकेतलं गॉल, पोर्तुगालमधलं लिस्बन. पण क्रम कितीही बदलला तरी पहिली जागा एकाच ठिकाणाची: स्टॉकहोम.

तिथे वासा नावाचं एक जहाज आहे. स्वीडनच्या राजानं मोठ्या हौसेनं बांधून घेतलं, वर मजल्यामागून मजले चढवले, तोफा बसवल्या, सगळीकडे कोरीव काम केलं. पहिल्याच फेरीला ते गाजतवाजत निघालं, वाऱ्याची एक झुळूक आली आणि बंदरातल्या बंदरात, सगळ्या गावासमोर बुडालं. तीनशेहून जास्त वर्षांनी ते वर काढलं, तर जवळजवळ आहे तसं निघालं. आता ते संग्रहालयात उभं आहे. मॅडमचं त्याच्यावर विलक्षण प्रेम होतं. "एवढा नट्टापट्टा करून निघालं आणि गल्लीच्या तोंडाशीच बसलं," त्या म्हणत. "मला फार आपलं वाटतं ते."

स्वतः जाणं जमत नव्हतं तोवर जो कुणी परदेशी जाईल त्याला त्या कामाला लावत. कुलकर्णी साहेबांचा मुलगा लिस्बनला नोकरीला लागला. साहेब सपत्नीक निघाले, तेव्हा मॅडमनी त्यांना जेवणाच्या सुट्टीत बसवून ती नदी, ते बंदर, जहाजं सुटायची ती जागा, सगळं समजावून दिलं. कुठे उभं राहायचं आणि तोंड कुठल्या दिशेला करायचं हेही सांगितलं. साहेब महिन्यानं परतले आणि त्यांनी मॅडमसाठी फ्रीजला चिकटवायचं एक जहाज आणलं. मॅडमनी ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि संग्रहालयातली जहाजं पाहिली का म्हणून विचारलं. साहेब जरा अडखळले. म्हणाले, बाहेरून पाहिलं, मिसेसना खरेदी होती.

"बाहेरून तर आम्हीही बघतो साहेब," मॅडम म्हणाल्या. "इथून."

साहेब मनमुराद हसले. आणि पुढच्या वेळी लिस्बनला गेले तेव्हा संग्रहालयाच्या आत जाऊन त्यांनी मॅडमना व्हिडिओ कॉल लावला. इकडे अख्ख्या ऑफिसानं काम थांबवून जहाजं पाहिली. मॅडम अधूनमधून फक्त "डावीकडे न्या... अहो, तुमचं डावं नाही, जहाजाचं," असं सांगत होत्या.

या एवढ्या सगळ्यात एक अडचण होती. मॅडमना बोट लागत असे. साधीसुधी नाही, भयंकर. आम्हाला हे कळलं ते ऑफिसच्या मालवणच्या सहलीत. सिंधुदुर्गला जायला आम्ही सगळे होडीत चढलो. मॅडम सगळ्यात पुढे, नाळेशी, म्हणजे होडीच्या नाकाशी बसल्या. पाच मिनिटांत त्यांचा चेहरा पांढरा पडला, त्यांनी डोळे मिटले आणि माझा हात घट्ट धरला. होडीवाल्यानं खाली वाकून पाहिलं आणि अतिशय हळुवारपणे सांगितलं, "बाई, अजून दोरी सोडूक नाय."

किल्ल्यावर पाय टेकताच बाई टवटवीत. दिवसभर त्यांनी आम्हाला तटावरून फिरवलं. मराठ्यांची गलबतं उथळ पाण्यात कशी शिरायची आणि मोठी परदेशी जहाजं बाहेर कशी ताटकळायची, हे हातवारे करून दाखवलं. दुसऱ्या सहलीतली माणसंसुद्धा आमच्यामागे चालू लागली. परतताना पुन्हा तेच. होडीच्या तळाशी त्या आडव्या झाल्या, तोंडावर ओला रुमाल. सुकाणू पाण्यात सोडलं की जहाज जागच्या जागी उभं राहतं, असं कुलकर्णी साहेब कुणाला तरी सांगत होते, तर रुमालाखालून बारीक आवाज आला, "ते सुकाणू नाही साहेब. तो नांगर आहे."

आता रफिकभाईंबद्दल सांगायला हवं. रफिकभाई म्हणजे मॅडमचे यजमान. घराखालीच त्यांचं फोटो फ्रेमचं दुकान. देवादिकांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, पदव्या, गेलेल्या माणसांचे चेहरे, सगळ्यांना चौकट देण्याचं काम. उंच, कमी बोलणारे, लाकडावरून सतत अंगठा फिरवत असलेले. दुकान सोडून ते कुठेही जात नसत. मालवणला चला म्हटलं तर दिवाळीच्या आधीची गर्दी, दिल्लीला चला म्हटलं तर लग्नसराई. हे दोघं घरी दखनी बोलत, बाहेर मराठी, आणि भांडण निघालं की मराठीच, कारण टोमणे त्यातच चांगले बसतात असं मॅडमचं मत होतं.

नवराबायकोचं छान चाललं होतं. फक्त जहाजाचा विषय घरात नसे. मॅडमनी एकदा डबा खाताना मला सांगितलं, की लग्न झालं तेव्हा हौसेनं त्या रोज संध्याकाळी काहीतरी सांगायच्या, आणि रफिकभाई "हं" म्हणायचे. "फक्त भाव विचारून जाणारं गिऱ्हाईक असतं ना, त्याला दुकानदार म्हणतो तसलं हं," मॅडम म्हणाल्या. मग हळूहळू त्यांनी सांगणं सोडलं. तक्रारीच्या सुरात नव्हे, नवऱ्याला कारलं आवडत नाही म्हणावं तितक्या सहज सांगितलं. पण पुढचा घास त्यांनी बराच वेळ हातातच धरून ठेवला होता.

निवृत्त झाल्यावर मॅडमनी स्टॉकहोमचं ठरवलं. रफिकभाई येणार नव्हतेच. त्यांची मुलगी समीना वारज्याला राहते, आयटीत आहे, ती रजा घेऊन आईबरोबर जाणार होती. व्हिसा झाला, तिकिटं आली. मॅडमनी आयुष्यात पहिल्यांदा गरम कोट विकत घेतला आणि तो भर एप्रिलमध्ये घालून आम्हाला ऑफिसात येऊन दाखवला. पंखा पाचवर करून आम्ही सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं.

निघायला दोन आठवडे उरले असताना रफिकभाई दुकानातल्या स्टुलावरून पडले. भिंतीवर उंच टांगलेली एक फ्रेम गिऱ्हाइकाला काढून दाखवत होते. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई घातली, आणि बरेच महिने पडून राहायला सांगितलं.

समीनानं आईला सांगितलं, की तू एकटी जा, ग्रुपबरोबर जा, अब्बांचं मी बघते. हॉस्पिटलच्या खाटेवरून रफिकभाईही तेच सांगत होते. मॅडमनी कुणाशी वाद घातला नाही. तिकिटं रद्द केली, कोट डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवला. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनीच मला धीर दिला. "तीनशे वर्षं पाण्याखाली थांबलंय ते जहाज. आणखी थोडं थांबेल."

रफिकभाईंनी मात्र ते फार मनाला लावून घेतलं. घरी आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. जेवण निम्मं टाकत. कुणी आलं की पहिलं वाक्य हेच, की माझ्यामुळे हिचं राहिलं. आठ-दहा वेळा ऐकून घेतल्यावर मॅडमनी एकदा माझ्यासमोरच विचारलं, "मुद्दाम पडलात का?" ते नाही म्हणाले. "मग गप्प पडून राहा," असं म्हणून त्या त्यांच्यासाठी सूप आणायला आत गेल्या.

आईचं मन रमावं म्हणून समीनानं एक दिवस डोळ्यांवर बांधायचं ते यंत्र आणलं, ज्यातून आपण दुसरीकडेच कुठेतरी असल्यासारखं दिसतं. त्यात एका शिडाच्या जहाजाचा डेक होता, चारी बाजूंना समुद्र. मी योगायोगानं त्या रविवारी तिथेच होते. मॅडमनी यंत्र बांधलं, उभ्या राहिल्या, मान वर करून डोलकाठी पाहिली, "या अल्ला," एवढं म्हणाल्या आणि दुसऱ्याच क्षणी यंत्र ओढून काढत धाडकन खुर्चीत बसल्या. चेहरा अगदी मालवणसारखा पांढरा. समीना घाबरली. मॅडमनी हातानं थांब म्हणून खूण केली आणि मग अत्यंत समाधानानं सांगितलं, "बोट लागली. म्हणजे चांगलं बनवलंय."

खाटेवरून आवाज आला. कितीतरी दिवसांनी रफिकभाई हसत होते. हसता हसता पाय दुखला म्हणून थांबले, पुन्हा हसले. मग त्यांनी ते यंत्र मागून घेतलं, पडल्या पडल्या डोळ्यांना बांधलं आणि बराच वेळ मान इकडेतिकडे करत राहिले. आम्ही चहा प्यायला लागलो होतो. त्यांनी यंत्र काढलं आणि मॅडमकडे बघून विचारलं, "वारा समोरून असेल तर हे पुढे कसं जातं?"

मॅडमच्या हातातली बशी तशीच राहिली. उत्तर त्यांना माहीत होतं, मला सांगितलं होतं, शिपाईमामांना सांगितलं होतं. पण या वेळी त्या उठल्या आणि सामान गोळा करू लागल्या. नातवाचा खेळण्यातला ट्रक आणला. टेबलफॅन जमिनीवर ठेवला. शिडासाठी कडक काहीतरी हवं होतं, तर उशाशी रफिकभाईंच्या पायाचा एक्स-रे होता. तो त्यांनी ट्रकच्या हौद्यात तिरका उभा करून चिकटपट्टीनं पक्का केला. सळई घातलेलं ते हाड शिडासारखं ताठ उभं राहिलं. पंखा लावला. पहिल्यांदा ट्रक उलटा पडला. मॅडमनी एक्स-रेचा कोन बदलला, ट्रकचं तोंड जरा वळवलं, आणि तो पंख्याच्या वाऱ्याला कापत तिरका तिरका पुढे गेला आणि कपाटाला धडकला.

"सरळ जातच नाही," मॅडम जमिनीवर बसूनच सांगत होत्या. "थोडं या बाजूला, मग तोंड फिरवून थोडं त्या बाजूला. वेळ लागतो. पण जातं पुढेच."

रफिकभाईंनी पुन्हा करून दाखव म्हणून सांगितलं. मग शीड लाकडाला कसं बांधतात ते विचारलं. मग लाकूड कुठलं, मग जोड कसा, खिळा की खुंटी. संध्याकाळचे दिवे लागेपर्यंत हे चाललं होतं. मी निघाले तेव्हा मॅडम जिन्यापर्यंत सोडायला आल्या. पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, "लग्नाला पस्तीस वर्षं झाली. आज पहिल्यांदा विचारलं गं यांनी." आणि खाली उतरायला मला वाट न देता जिन्यातच उभ्या राहिल्या.

त्यानंतर त्या घरात जहाज शिरलं ते शिरलंच. रोज संध्याकाळी मॅडम वाचून दाखवत आणि रफिकभाई प्रश्न विचारत. त्यांचे प्रश्न लढायांचे, राजांचे नसत. फळी एवढी वाकवतात कशी, फट कशानं बुजवतात, ओलं लाकूड फुगलं की काय करतात, असे असत. मॅडमना बऱ्याचदा उत्तर येत नसे, मग त्या शोधत बसत. कुबड्या गेल्या, हातात काठी आली, ते दुकानातही बसू लागले. आणि एके दिवशी त्यांनीच विचारलं, की ते स्टॉकहोमचं जहाज तर बांधून, बुडून, वर येऊन उभं आहे. पण बांधताना बघायला मिळेल असं कुठे आहे का?

"मांडवी," मॅडम म्हणाल्या. "कच्छमध्ये. आपल्याच देशात आहे, पासपोर्ट लागत नाही."

"मग चल."

दुकानाला कुलूप लागलं. सगळ्या शनिवार पेठेत बातमी झाली. मॅडमनी मला फोन करून हुकूम सोडला, की तूही चल, यांना हात द्यायला एक माणूस हवं आणि माझं ऐकायला एक. मी रजा टाकली.

भूजच्या गाडीत मॅडम रस्ताभर बोलत होत्या. मांडवीचे व्यापारी, झांझिबारची वाट, वारा, मसाले, तिथले खारवी खलाशी. त्यांनी सगळं तयार करून आणलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवीच्या नदीकाठी रिक्षातून उतरलो आणि समोर ते जहाज दिसलं. अर्धवट बांधलेलं, टेकूंवर उभं, तिमजली घराएवढं, बरगड्या उघड्या, खालची फळ्यांची पाठ मात्र पूर्ण झालेली. लाकडाचा आणि तेलाचा वास, चहूकडून हातोड्यांचे ठोके. मॅडम चालत जवळ गेल्या, आणि एका फळीवर त्यांनी तळहात ठेवला. तशाच उभ्या राहिल्या. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांना दिसली नाही.

एवढ्यात मागून रफिकभाईंचा आवाज आला. एका म्हाताऱ्या मिस्त्रीला ते त्यांच्या दखनी हिंदीत विचारत होते, की दोन फळ्यांमधल्या फटीत तो कापसाचा पीळ ठोकतोय, तो आधी तेलात भिजवलाय की नंतर तेल सोडणार. मिस्त्रीनं कच्छी वळणाच्या हिंदीत उत्तर दिलं. रफिकभाईंनी अंगठा फिरवून पाहिला. मिस्त्रीनं दुसरा जोड दाखवला. तासाभरात दोघं एका ओंडक्यावर शेजारी बसून चहा पीत होते आणि रफिकभाई हवेत बोटांनी चौकटीचा कोपरा कसा जुळवतात ते समजावत होते. मॅडम लांबून बघत होत्या. "जन्मभर मी वाचलं," त्या मला म्हणाल्या, "आणि पाहुणचार यांचा." पण असं म्हणतानाच त्या पदराच्या आड हसत होत्या, ते मी पाहिलं.

तीन दिवस असेच गेले. मॅडम मला घेऊन गावभर हिंडल्या, जुनी घरं, किनारा, बंदराची भिंत, सगळं दाखवलं. दुपारी परत यावं तर रफिकभाई मिस्त्रींमध्ये बसलेले. संध्याकाळी खोलीवर दोघांचं जोरात चाले. त्या इतिहास सांगत, ते लाकूड सांगत, आणि एकमेकांचं कुणी पूर्ण ऐकून घेत नसे.

पुण्याला परतल्यावर थोड्याच दिवसांत माझी नागपूरला बदली झाली. आता बोलणं होतं ते फोनवर. स्टॉकहोमचं पुन्हा ठरतंय, या वेळी दोन तिकिटं काढायची आहेत, असं कळतं. पण मॅडम म्हटलं की मला दिसते ती मांडवीची शेवटची सकाळ.

भूजला गाडी पकडायची होती. सामान रिक्षात चढलं होतं, रिक्षावाला इंजिन सुरू करून बसला होता. रफिकभाईंना शेवटचं एकदा बघायचं होतं म्हणून आम्ही नदीकाठी थांबलो, तर मिस्त्रीनं त्यांना थेट वरच नेलं. जहाजाला एक रुंद फळी उतरती लावलेली होती. दोन कामगारांनी दोन्हीकडून धरलं आणि ते हळूहळू चढून डेकवर गेले. खाली मॅडम अस्वस्थ. त्यांनी हाका मारल्या, गाडी सुटेल म्हणून बजावलं. वरून रफिकभाईंचं डोकं दिसलं.

"अगं, वर ये. ही फळी कशी वळवलीय बघ."

"मला माहीत आहे कशी वळवतात."

"तुला पुस्तकातली माहीत आहे. ही बघ."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पायातल्या चपला काढून त्यांनी माझ्या हातात दिल्या, पर्स माझ्या खांद्याला अडकवली, पदर कमरेला खोचला आणि अनवाणी फळीवर चढू लागल्या. निम्म्यावर गेल्यावर वरून रफिकभाईंनी हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही, स्वतःच चढून गेल्या. मग दोघं कठड्यापलीकडे आत वाकली आणि मला दिसेनाशी झाली. हातोड्यांच्या आवाजात ती काय बोलत होती तेही ऐकू येत नव्हतं.

रिक्षावाल्यानं बाहेर डोकं काढून विचारलं, "बेन, आते हैं क्या वो लोग?"

मी त्याला इंजिन बंद करायला सांगितलं.